बॅटरीवर चालणारा आणि न बिघडणारा आकडी डिस्प्ले: ७४एचसी५९५ पायरीपायरीने

७४एचसी५९५ सारखं शिफ्ट रजिस्टर (एका तारेने एकेक बिट आत घेऊन आठ पिनांवर बाहेर देणारी चिप) वापरून पहिला डिस्प्ले बनवणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच असतात. आकडे मधूनच वेडेवाकडे होतात, आणि बॅटरी दोन दिवसांत संपते. दोन्हींचं खापर बहुतेक वेळा चिपवर फुटतं. खरं तर चिप साधी आणि काटक आहे. आकडे बिघडतात ते एखादी तार 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्ये लोंबकळत राहिली म्हणून, आणि बॅटरी संपते ती एलईडीमुळे. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून हा लेख त्यांच्याभोवतीच लिहिला आहे.

आपण बनवणार आहोत खोलीचं तापमान दाखवणारा चार आकडी डिस्प्ले. चार सुटे सेव्हन-सेगमेंट (सात एलईडी पट्ट्यांचे आकडे), प्रत्येकामागे एक ७४एचसी५९५, एक अ‍ॅटमेगा३२८पी हा कंट्रोलर, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, एक बटण आणि तीन डबल-ए सेल. बटण दाबलं की '२७.४' आणि पुढे सी हे अक्षर पाच सेकंद दिसेल, मग सगळं झोपी जाईल.

पायरी १: चिपच्या आत काय घडतं

५९५ मध्ये दोन थर आहेत. पहिला थर म्हणजे आठ खणांचं शिफ्ट रजिस्टर. क्लॉकची पिन खालून वर गेली की डेटा पिनवर त्या क्षणी जे असेल ते पहिल्या खणात शिरतं आणि आधीचे सगळे एकेक घर पुढे सरकतात, रेशनच्या दुकानापुढच्या रांगेसारखे. आठव्या खणातला बिट नऊ नंबरच्या पिनवर दिसतो. ती पिन पुढच्या चिपच्या डेटाला जोडली की साखळी तयार. चार चिप म्हणजे बत्तीस खण, आणि बिट पाठवायला कंट्रोलरच्या तीनच पिना खर्च.

दुसरा थर म्हणजे लॅच. खाली रांग सरकत असताना लॅच जुनंच चित्र बाहेर धरून ठेवतो. लॅचची पिन खालून वर गेली की सगळे बिट एकदम बाहेर येतात. ७४एचसी१६४ मध्ये हा दुसरा थर नाही, त्यामुळे त्यात बिट सरकताना सेगमेंट लुकलुकतात. डिस्प्लेसाठी ५९५ च घ्या.

पिना एकदा नीट लिहून ठेवा. १४ म्हणजे डेटा, ११ म्हणजे शिफ्ट क्लॉक, १२ म्हणजे लॅच, १३ म्हणजे आउटपुट-एनेबल, १० म्हणजे रिसेट, ९ म्हणजे पुढच्या चिपकडे जाणारा बिट, १६ ला प्लस, ८ ला ग्राउंड. आउटपुट १५ नंबरवर सुरू होतात आणि मग १ ते ७ असे जातात. पहिला आउटपुट चिपच्या दुसऱ्या बाजूला आहे हे विसरल्यामुळे 'ए' सेगमेंट चुकीच्या जागी लागण्याचा प्रकार फार होतो. १३ आणि १० या दोन्ही पिना उलट्या चालतात. १३ खाली असेल तेव्हा आउटपुट चालू, १० खाली गेली की रजिस्टर पुसलं जातं.

लॅचचा खरा उपयोग लुकलुक टाळण्यापुरता नाही. एकदा चित्र लॅचमध्ये गेलं की ते टिकवायला क्लॉक लागत नाही, कंट्रोलर लागत नाही. कंट्रोलर झोपला तरी आकडे तसेच राहतात. कमी विजेचा सगळा खेळ या एका गुणावर उभा आहे.

पायरी २: सामान आणताना

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानदाराला नुसतं '५९५' म्हटलंत तर हाताला येईल ते मिळेल. चिपवरची अक्षरं स्वतः वाचा. मधली दोन अक्षरं 'एचसी' हवीत. 'एलएस' ही जुनी जात नुसती बसून असतानाही मिलिअँपिअरमध्ये करंट खाते आणि तिला पाच व्होल्टच लागतात. 'एचसी' जात २ ते ६ व्होल्टवर चालते आणि स्थिर असताना काही मायक्रोअँपिअरवर भागवते. आपले तीन सेल नवे असताना ४.५ व्होल्ट देतात आणि संपत आले की ३ च्या आसपास येतात. हा सगळा पट्टा एचसीला मानवतो.

'एचसीटी' ही तिसरी जात कधी घ्यायची? कंट्रोलर ३.३ व्होल्टवर आणि चिप ५ व्होल्टवर असेल तेव्हा. एचसीला 'वर' समजायला पुरवठ्याच्या साधारण सत्तर टक्के व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टवर ते ३.५ होतं, आणि ईएसपी३२ सारख्या कंट्रोलरची पिन ३.३ च देते. टेबलावर हे बऱ्याचदा चालून जातं आणि उन्हाळ्यात किंवा चिपचा दुसरा लॉट आला की बंद पडतं. एचसीटीला २ व्होल्ट पुरतात. मला विचाराल तर नवशिक्यांनी दोन व्होल्टेज टाळावीत आणि सगळं एकाच पुरवठ्यावर चालवावं. आपण तेच करतोय.

सेव्हन-सेगमेंट कॉमन कॅथोड (सगळ्या सेगमेंटचं निगेटिव्ह टोक एकच) आणि लाल घ्या, शक्यतो 'हाय ब्राइट' किंवा 'लो करंट' असं सांगून. लाल एलईडीला १.८ ते २ व्होल्ट पुरतात, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, आणि सेल उतरले की ते आधी मंद होतात. बाकी चार १०४ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर, १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक, १.५ किलोओहमचे बत्तीस रेझिस्टर, १० किलोचे सहा-सात आणि ४.७ किलोचा एक.

अर्डुइनो उनोचा अख्खा बोर्ड या कामाला घेऊ नका. प्रोग्राम टाकायला आणि शिकायला तो उत्तम, पण यूएसबीची चिप, रेग्युलेटर आणि पॉवरचा दिवा मिळून तो रिकामा बसूनही ४०-५० मिलिअँपिअर घेतो. सुटा अ‍ॅटमेगा३२८पी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर चालवा. तो २.७ व्होल्टपर्यंत नीट चालतो. रेग्युलेटरही लावू नका. लावायचीच वेळ आली तर एएमएस१११७ किंवा ७८०५ नको, ते स्वतःच काही मिलिअँपिअर गिळतात. एमसीपी१७०० सारखा मायक्रोअँपिअरवाला बघा.

पायरी ३: आधी हिशोब, मग वायरिंग

कागद घ्या. ० ते ९ या दहा आकड्यांना मिळून ४९ सेगमेंट पेटतात. म्हणजे सरासरी एका आकड्याला पाच. चार आकड्यांना वीस.

आता एका सेगमेंटचा करंट. पुरवठा ४.५, एलईडीवर १.८, उरले २.७ व्होल्ट. १.५ किलोने भागले की १.८ मिलिअँपिअर. घरात वाचायला चांगल्या लाल डिस्प्लेला एवढा उजेड पुरतो. पुष्कळ आकृत्यांत डोळे झाकून २२० ओहम लावलेले असतात. तिथे हाच करंट कागदावर बारा मिलिअँपिअर होतो, आणि आठ सेगमेंटचे जवळजवळ शंभर. ५९५ च्या पुरवठ्याच्या पिनची कमाल मर्यादा ७० मिलिअँपिअर आहे आणि एका आउटपुटकडून ६ मिलिअँपिअरपर्यंतच काम घ्यावं असं डेटाशीट सुचवतं. चिप लगेच जळत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. ती गरम होते, आउटपुटचं व्होल्टेज खाली येतं, आणि '८' दाखवताना आकडा '१' पेक्षा मंद दिसतो.

प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र रेझिस्टर हवा. कॉमन पिनवर एकच रेझिस्टर लावून सात वाचवले, तर किती सेगमेंट पेटले आहेत त्यानुसार उजेड बदलत राहील.

वीस सेगमेंट गुणिले १.८ म्हणजे ३६ मिलिअँपिअर. चांगला अल्कलाइन डबल-ए सेल २००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास देतो. भागाकार केला की ५५ तास. सव्वादोन दिवस! आणि यात चारही ५९५ चा स्वतःचा वाटा इतका कमी आहे की तो धरायचीही गरज नाही.

इथे कुणीतरी सांगतं, 'मल्टिप्लेक्स कर, वीज वाचेल.' वाचत नाही. मल्टिप्लेक्समध्ये एका वेळी एकच आकडा पेटतो, म्हणून तो चौपट करंटने पेटवावा लागतो, नाहीतर मंद दिसतो. डोळ्याला जाणवणारा उजेड सरासरी करंटवर ठरतो आणि बॅटरीही सरासरीच मोजते. मल्टिप्लेक्सने तारा आणि चिपा वाचतात, आणि बदल्यात कंट्रोलरला अखंड जागं राहावं लागतं. शिवाय प्रोग्राम अडकला तर एकच आकडा चौपट करंटने पेटून राहतो. दुकानांवर लावतात ते पी१० चे बोर्ड पाहा. ३२ बाय १६ ठिपक्यांच्या एकरंगी पी१० मध्ये सोळा ७४एचसी५९५ असतात आणि चार टप्प्यांत ओळी पेटवल्या जातात. त्याचा कंट्रोलर हँग झाला की काही ओळी भगभगीत पेटून बाकीचा बोर्ड काळा होतो, ते याचमुळे. पाचशेबारा ठिपके असतील तर दुसरा उपाय नाही. चार आकड्यांसाठी मात्र प्रत्येक सेगमेंटला आपला आउटपुट द्यावा हे माझं ठाम मत आहे.

मग बॅटरी वाचते कशाने? न पेटवण्याने. माणूस तापमान दिवसातून किती वेळा बघतो? पन्नास वेळा धरू, प्रत्येक वेळी पाच सेकंद. २५० सेकंद गुणिले ३६ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला २.५ मिलिअँपिअर-तास. उरलेला वेळ सगळं सर्किट १० मायक्रोअँपिअरवर झोपलं तर त्याचे पाव मिलिअँपिअर-तास. कागदावर हेच सेल ५५ तासांऐवजी सातशेहून जास्त दिवस जातात. एका बटणाने जे साधतं ते कुठल्याही महागड्या चिपने साधत नाही.

पायरी ४: जोडणी

सगळ्या चिपांच्या ११ नंबरच्या पिना एकत्र, १२ नंबरच्या एकत्र, १३ नंबरच्या एकत्र, आणि या तिन्ही तारा कंट्रोलरला. पहिल्या चिपची १४ कंट्रोलरला, बाकीच्यांची १४ आधीच्या चिपच्या ९ ला. चारही १० नंबर थेट प्लसला. शेवटच्या चिपची ९ मोकळी सोडा. तो आउटपुट आहे, मोकळा चालतो. इनपुट मात्र एकही मोकळा सोडायचा नाही. सीमॉस चिपचा (एचसी ही त्यातलीच) लोंबकळता इनपुट मधल्या व्होल्टेजवर तरंगला की आतले वरचे आणि खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू होतात आणि पुरवठ्यातून थेट ग्राउंडला करंट वाहतो. आकडेही बिघडतात, बॅटरीही जाते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, ते असं.

१०४ चा कपॅसिटर प्रत्येक चिपच्या १६ आणि ८ मध्ये, चिपला चिकटून. चार चिपांना मिळून एक, असं नाही. क्लॉकच्या काठावर चिप क्षणभर करंटचा घोट घेते. तो घोट लांबच्या बॅटरीतून तारेने यायला उशीर होतो, तेवढ्यात चिपचा पुरवठा डचमळतो आणि रजिस्टरला भलताच बिट दिसू शकतो. कपॅसिटरचे पाय लांब ठेवले तर तो असून नसल्यासारखा. मोठा १०० मायक्रोफॅरडचा एक, बॅटरीच्या तारा बोर्डवर येतात तिथे.

आता चार १० किलोचे रेझिस्टर, जे बहुतेक आकृत्यांत नसतात. एक १३ नंबरपासून प्लसला. पॉवर दिल्यावर कंट्रोलर जागा होईपर्यंत त्याच्या पिना तरंगत असतात आणि ५९५ च्या लॅचमध्ये काहीही कचरा असतो. हा रेझिस्टर तोवर आउटपुट बंद धरतो, म्हणून सेल घालताच '८८८८' किंवा चित्रविचित्र खुणा चमकत नाहीत. बाकीचे तीन क्लॉक, लॅच आणि डेटापासून ग्राउंडला. तरंगत्या क्लॉकवर हात जवळ नेला तरी खोटे ठोके पडतात.

लॅचच्या पिनवर कपॅसिटर लावू नका. नेटवरच्या काही जुन्या आकृत्यांत तो दिसतो आणि लोक निष्ठेने उतरवून घेतात. एचसी चिपला इनपुटचा काठ झटकन वर गेलेला हवा असतो. ४.५ व्होल्टवर ही मर्यादा ५०० नॅनोसेकंद आहे. कपॅसिटरने काठ उतरता केला की चिप मधल्या पट्ट्यात रेंगाळते आणि एका ठोक्याचे दोन-तीन ठोके मोजू शकते.

डिस्प्ले कंट्रोलरपासून लांब असेल, समजा फूटभर फ्लॅट केबलच्या टोकाला, तर क्लॉकवर कंट्रोलरच्या बाजूला ४७ ते १०० ओहमचा एक रेझिस्टर मालिकेत टाका आणि केबलमध्ये क्लॉकच्या शेजारची तार ग्राउंडची ठेवा. झटक्याने वर गेलेला काठ केबलच्या टोकावरून परत उसळतो, आणि ती उसळी चिपला दुसरा ठोका वाटते. चिपा जास्त असतील तर आणखी एक युक्ती आहे. डेटा पहिल्या चिपपासून शेवटच्याकडे जातो, तर क्लॉकची तार उलटी, शेवटच्या चिपपासून पहिल्याकडे ओढा. मग पुढच्या चिपला ठोका आधी मिळतो, ती जुना बिट उचलते आणि त्यानंतर मागची चिप आपला बिट बदलते. बिट निसटत नाही. चार चिपांना याची गरज नाही, पण सवय चांगली.

सेन्सरची डेटा तार ४.७ किलोने प्लसला. बटण पिन आणि ग्राउंडमध्ये, कंट्रोलरचा आतला पुल-अप (पिन प्लसकडे ओढणारा रेझिस्टर) चालू ठेवून.

पायरी ५: प्रोग्रामचा क्रम

कोड कुठल्याही भाषेत लिहा, क्रम हाच ठेवा. सुरू होताच पहिली ओळ, १३ नंबरवाली पिन वर. मग क्लॉक आणि लॅच खाली. मग बत्तीस शून्यं ढकला, लॅचला एक ठोका द्या. रिसेटची पिन रजिस्टर पुसते, लॅच पुसत नाही. म्हणून नुसत्या रिसेटवर विसंबू नका, शून्यं ढकलून लॅच करणं हाच खात्रीचा मार्ग.

बटण दाबलं गेलं की सेन्सरला मोजायला सांगा आणि पूर्ण ७५० मिलिसेकंद थांबा. बारा बिटच्या मोजणीला डीएस१८बी२० ला तेवढा वेळ लागू शकतो. घाई केली तर पहिल्यांदा ८५ अंश दिसेल. तो सेन्सरमध्ये पॉवर आल्यावर भरलेला ठरावीक आकडा आहे, बिघाड नाही.

'ए' सेगमेंट पहिल्या आउटपुटला, 'बी' दुसऱ्याला, असं 'जी'पर्यंत आणि आठवा ठिपका, अशी जोडणी केली असेल तर ० ते ९ साठी हे आकडे पाठवायचे: ६३, ६, ९१, ७९, १०२, १०९, १२५, ७, १२७, १११. ठिपका हवा तर त्यात १२८ मिळवा. सी या अक्षरासाठी ५७. प्रत्येक बाइटमधला सगळ्यात मोठा बिट आधी पाठवा. आणि जो बाइट आधी पाठवाल तो सगळ्यात लांबच्या चिपमध्ये जाऊन बसतो, तेव्हा शेवटच्या चिपचा आकडा आधी. दहाच्या खाली तापमान गेलं तर पुढचं शून्य दाखवू नका. वाचायलाही बरं आणि सहा सेगमेंटही वाचले.

चारही बाइट गेल्यावर एकदाच लॅच, मग १३ नंबर खाली. पाच सेकंद झाले की १३ पुन्हा वर. पाच सेकंदांत काही बदललं नसलं तरी दर सेकंदाला तेच चार बाइट परत पाठवा. शेजारचा मिक्सर चालू झाला, ट्यूबचा स्टार्टर तडकला आणि एखादा बिट उडाला, तर सेकंदात आकडा आपोआप सावरतो. बत्तीस ठोक्यांना वीज नगण्य लागते.

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर १३ नंबरला पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) द्या, काहीशे हर्ट्झचा. रात्री दहा टक्के पुरे. करंटही त्याच प्रमाणात उतरतो. नेहमी चालू ठेवायच्या डिस्प्लेसाठी ही सोय मोलाची आहे, फक्त पीडब्ल्यूएमसाठी कंट्रोलरचा टायमर जागा लागतो.

पायरी ६: झोप

झोपण्यापूर्वी क्लॉक, डेटा आणि लॅच या तिन्ही पिना आउटपुट ठेवून खाली करा. इनपुट करून सोडू नका. एडीसी (कंट्रोलरमधला व्होल्टेज मोजणारा भाग) बंद करा, नाहीतर तो झोपेतही करंट खातो. मग पॉवर-डाउन ही गाढ झोप, आणि उठवायला बटणावर पिन-चेंज इंटरप्ट, म्हणजे पिन बदलली की कंट्रोलरला जागं करणारी सोय. ५९५ चा पुरवठा तोडण्याच्या भानगडीत पडू नका. तोडलात आणि कंट्रोलरची एखादी पिन वर राहिली, तर चिप त्या इनपुटच्या आतल्या संरक्षक डायोडमधून अर्धवट पॉवर घेते. ना धड चालू, ना धड बंद. पुरवठा चालू ठेवून आउटपुट बंद करणं स्वस्तही आहे आणि स्थिरही.

पायरी ७: मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका

मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या रेंजवर, बॅटरीच्या प्लसच्या तारेत मालिकेत. डिस्प्ले चालू असताना '११.१' आणि '२८.८' दोन्ही दाखवून बघा, फरक हिशोबाशी जुळतो का पाहा. मग झोपेतला करंट. इथे एक गंमत होते. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटरच्या आत मोठा रोध असतो. त्यातून ३६ मिलिअँपिअर ओढायला गेलात की व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर रिसेट होत राहतो. म्हणून मीटरच्या दोन टोकांना एका तारेने शॉर्ट करून ठेवा, सर्किट झोपलं की तार काढा आणि आकडा वाचा. १० च्या आसपास किंवा कमी आला तर काम फत्ते. १००-२०० दिसले तर कुठेतरी इनपुट तरंगतोय किंवा एडीसी चालू राहिलाय. कित्येक मिलिअँपिअर दिसले तर कंट्रोलर झोपलेलाच नाही.

बिघडलं तर कुठे बघायचं

सगळे सेगमेंट एक घर सरकलेले: क्लॉकला एक जादा ठोका पडलाय. काठ, केबल आणि क्लॉकपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर बघा. आकडे बरोबर पण जागा उलट्या: बाइटचा क्रम उलटा. पहिला आकडा ठीक आणि दुसऱ्यापासून कचरा: ९ ते १४ ही तार किंवा दुसऱ्या चिपचं ग्राउंड. बोट लावलं की सुधारतं: एखादा इनपुट मोकळा आहे, बहुधा १० किंवा १३. रिले किंवा मोटर चालू झाली की बिघडतं: त्यांचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट बॅटरीपर्यंत न्या. डिस्प्लेच्या तारेतून नको. ब्रेडबोर्डवर असाल तर मधोमध तुटलेली पॉवरची पट्टी हा नेहमीचा संशयित. बऱ्याच ब्रेडबोर्डांत ती सलग नसते.

काचेवरची हीच साखळी

हीच रांग तुमच्या टीव्हीच्या कडेलाही आहे. १०८० ओळींच्या पडद्यावर एकामागून एक ओळ उघडायला काचेवरच ट्रान्झिस्टरांचं शिफ्ट रजिस्टर छापलेलं असतं, सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका ओळीला सुमारे १५ मायक्रोसेकंद. तिथल्या अमॉर्फस सिलिकॉनमध्ये एकाच जातीचे ट्रान्झिस्टर मिळतात, आणि गेटवर (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकावर) सतत एकाच दिशेचं व्होल्टेज राहिलं की ते किती व्होल्टला चालू होतात ती पातळीच हळूहळू सरकते. म्हणून ओळ खाली धरणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या दोन जोड्या ठेवून त्यांना आळीपाळीने विसावा देतात. विजेचा हिशोब मात्र आपलाच: कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता. लांबलचक क्लॉकच्या तारा मोठ्या व्होल्टेजने सतत हलवणं हाच तिथला मोठा खर्च. म्हणून स्थिर चित्र असताना रिफ्रेश (सेकंदाला किती चित्रं) खाली आणणारे फोन बॅटरी वाचवतात. त्यासाठी ऑक्साइडचे कमी गळणारे ट्रान्झिस्टर लागतात, म्हणजे ओळ उशिरा उघडली तरी चित्र टिकतं.

डिस्प्ले कायम चालूच हवा असेल तर

मग एलईडी सोडा आणि साधी एलसीडीची काच घ्या, कॅल्क्युलेटर-घड्याळातली, पण प्रत्येक सेगमेंटला वेगळी पिन आणि एकच कॉमन असलेली. साडेतीन आकडी काच चार ५९५ मध्ये सहज बसते. रेझिस्टर लागत नाहीत, आणि काच स्वतः काही मायक्रोअँपिअरवर चालते. आपलं सगळं सर्किट तसंच राहतं, दोन नियम बदलतात.

पहिला, एलसीडीला डीसी चालत नाही. एकाच दिशेचं व्होल्टेज राहिलं तर आतल्या द्रवात रासायनिक बदल होऊन सेगमेंट कायमचे मरतात. म्हणून कॉमनची पिनही ५९५ च्याच एका आउटपुटला जोडा आणि सेकंदाला ६४ वेळा सगळेच्या सगळे बत्तीस बिट उलटे करून पाठवा. कॉमनसारखा बिट म्हणजे सेगमेंट कोरा, कॉमनच्या उलट बिट म्हणजे काळा. सगळ्या चिपांचा लॅच एकच असल्यामुळे कॉमन आणि सेगमेंट एकाच क्षणी पालटतात, आणि लॅचचं इथे जितकं महत्त्व आहे तितकं एलईडीतही नाही. कंट्रोलर ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर टायमर चालवून झोपेतून फक्त पालटण्यापुरता उठतो.

दुसरा, १३ नंबर कायम ग्राउंडला. इथे आउटपुट बंद करणं म्हणजे सेगमेंट तरंगत सोडणं, आणि तरंगते सेगमेंट भुतासारखे अर्धवट दिसतात. त्यामुळे सेल घातल्यावर पहिलं काम शून्यं ढकलून लॅच करण्याचंच. वॉचडॉग टायमरही (प्रोग्राम अडकला की कंट्रोलर रिसेट करणारा) चालू ठेवा, कारण प्रोग्राम अडकला तर काचेवर डीसी बसून राहील.

काच जोडली की मीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक कॉमनला, दुसरं एकेका सेगमेंटला. पेटलेला असो वा कोरा, वाचन शून्याच्या अगदी जवळ यायला हवं. एखाद्या सेगमेंटवर अर्धा व्होल्ट दिसला तर तो बिट पालटत नाहीये. काच काढून ठेवा आणि आधी प्रोग्राम तपासा.